सुटाबुटातली कुत्री आणि आपला जंबूकाका

१९२९ ते १९३१ या काळात हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने नऊ छोटे विनोदी बोलपट काढले. त्यातली पात्रं म्हणजे कुत्री. साधीसुधी नाहीत, सूट, हॅट, झगे घातलेली, मागच्या दोन पायांवर उभी राहून माणसांच्या आवाजात बोलणारी कुत्री! 'डॉगव्हिल कॉमेडीज' म्हणतात त्या मालिकेला. 'कॉलेज हाउंड्स'मध्ये कुत्र्यांची फुटबॉल मॅच आहे. 'हू किल्ड रोव्हर?'मध्ये डिटेक्टिव्हही कुत्रा आणि संशयितही कुत्रेच. तेव्हा गाजत असलेल्या 'ब्रॉडवे मेलडी'ची टर उडवणारी 'डॉगवे मेलडी' पण आहे, नाचगाण्यासकट. दिग्दर्शक दोघे, झायन मायर्स आणि जूल्स व्हाइट. हा जूल्स व्हाइट म्हणजे पुढे 'थ्री स्टूजेस'चे लघुपट काढणारा तोच.

हे सगळं मला कसं माहीत? तर आमच्या टीममध्ये एक जण आहे, तो असल्या फिल्मांची रिळं जमवतो. हो, रिळं. मोबाइलवर अंगठ्याने सरकवायचं ते रील नव्हे, डब्यातलं खरंखुरं रीळ. कोथरूडच्या त्याच्या टू बीएचकेमधली एक अख्खी बीएचके या डब्यांनी भरली आहे. ८ मिलिमीटर, सुपर-८, थोडी १६ मिलिमीटरची. महिन्यातून एखाद्या शनिवारी तो भिंतीवर चादर लावून शो करतो, आणि आम्ही चार-पाच जण पिझ्झाच्या आशेने जातो.

थोडी तांत्रिक माहिती देतो, कारण त्याशिवाय मजा कळणार नाही. घरी सिनेमा दाखवायचा उद्योग फार जुना आहे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्ये ९.५ मिलिमीटरचा 'पाथे बेबी' प्रोजेक्टर काढला, कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटर, १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आणि १९६५ मध्ये सुपर-८ आणलं. ५० फुटांचं सुपर-८ रीळ घेतलंत तर त्यात ३६०० चित्रं असतात. सेकंदाला १८ च्या वेगाने चालवलं की ३ मिनिटं २० सेकंद. तेवढ्यात कथा काय सांगणार? म्हणून कॅसल फिल्म्ससारख्या अमेरिकन कंपन्या जे विकायच्या त्यात प्राण्यांच्या गमतीजमती भरपूर. माकड गाडी चालवतंय, अस्वलाची पिल्लं स्वयंपाकघरात घुसलीत, असलं. मुलांच्या वाढदिवसाला दाखवायचं, कपाटात टाकायचं, विसरून जायचं. त्यामुळे आज जुन्या रिळांचा गठ्ठा विकत घेतला की चॅप्लिनची किंमत मोजावी लागते आणि माकडं बहुतेक वेळा त्यावर फुकट येतात. आमच्या मित्राचा संग्रह सुरू झाला तो या फुकटच्या माकडांपासून.

आता खरा प्रश्न. एका शहाण्यासुरत्या इंजिनिअर माणसाला यात एवढं काय दिसतं? पहिल्या शोला मलाही वाटलं होतं की हा निव्वळ बालिशपणा आहे. जुनं म्हणून गोड, गोड म्हणून जुनं. पण दोन-तीन शो झाल्यावर लक्षात आलं की तो विनोदाला हसतच नाही. तो हसतो भलत्याच ठिकाणी. पडद्यावर कोटातला कुत्रा प्रेयसीला लग्नाची मागणी घालतोय, मागे कुणीतरी घोगऱ्या आवाजात डायलॉग म्हणतंय, आणि अचानक तो कुत्रा मान वळवून पडद्याच्या बाहेर बघतो. तिथे त्याचा ट्रेनर उभा असणार, हातात खाऊ घेऊन. एक सेकंद, फार तर दीड. मग पुन्हा मान सरळ. आमचा मित्र प्रोजेक्टर थांबवून म्हणतो, "हे बघ, इथे सापडला."

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर तो बग शोधतो. सगळा सिनेमा जे लपवायला बघतोय ते जिथे उघडं पडतं ती जागा. माणूस नट असला की ही जागा सापडत नाही, कारण तो कॅमेऱ्याला फसवायला शिकलेला असतो. प्राण्याला नाटक चाललंय याचा पत्ताच नसतो. त्याला भूक लागलीय, उकडतंय, कोट टोचतोय, आणि ते त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसतं. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका दुपारी एका कुत्र्याला नेमकं काय वाटत होतं हे बघायला मिळणं, ही माझ्या मते या रिळांची खरी किंमत. बाकी पटकथा वगैरे टाकाऊच आहेत.

हे पहिल्यापासून असंच आहे. १८९४ साली दोन मांजरांचं चित्रीकरण झालं. एक अमेरिकेत एडिसनच्या स्टुडिओत, प्रोफेसर वेल्टन नावाच्या खेळवाल्याच्या मांजरांची बॉक्सिंग मॅच. छोटीशी रिंग, पंजात ग्लोव्हज, मागे हसत उभे असलेले प्रोफेसरसाहेब. दुसरं फ्रान्समध्ये. एटिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने एका मांजराला उलटं धरून खाली सोडलं आणि ते हवेतल्या हवेत वळून चार पायांवर कसं पडतं याची चित्रमालिका घेतली. फिजिक्सवाल्यांना आठवत असेल, कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचं हे लाडकं उदाहरण. पहिली फिल्म विनोदी म्हणून काढलेली, दुसरी विज्ञानासाठी. पण मला विचाराल तर दुसरीच जास्त विनोदी आहे. शेवटच्या चित्रांतलं ते मांजर इतकं नाराज दिसतं की 'नेचर'सारख्या गंभीर नियतकालिकानेही तेव्हा त्याच्या दुखावलेल्या स्वाभिमानाची थट्टेने दखल घेतली होती. बॉक्सिंगवाल्या मांजरांना मांजर म्हणून काही करूच दिलेलं नाही. ती मागून कुणीतरी हलवल्यासारखी हलतात.

बरं, हे झालं तिकडचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडची गोष्ट तर भन्नाट आहे, आणि ती आपण अर्धीच सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघितला, त्यांना ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसायला लागले आणि भारतीय सिनेमा जन्माला आला, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण फाळक्यांच्या घरातून आलेली हकीकत अशी आहे की १९११ च्या एप्रिलमध्ये ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले ते 'अमेझिंग अ‍ॅनिमल्स' नावाची फिल्म बघायला. प्राण्यांची फिल्म! पोराने घरी येऊन आईला सांगितलं की पडद्यावर जनावरं हलतात. कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घराला घेऊन पुन्हा गेले, तर ईस्टरमुळे प्राण्यांच्या जागी ख्रिस्ताची फिल्म लागली होती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे बघा, प्राण्यांची फिल्म नसती तर ते सरस्वतीबाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी थिएटरात गेलेच नसते. आणि जो भालचंद्र पडद्यावरची जनावरं बघून हरखला होता, तोच १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला. आपण मात्र ख्रिस्त लक्षात ठेवला आणि जनावरं विसरलो. कारण सरळ आहे, ख्रिस्त म्हटलं की गोष्टीला वजन येतं. 'माकडं बघितली आणि सिनेमा काढावासा वाटला' हे कोण भाषणात सांगणार?

खुद्द फाळक्यांना असा सोवळेपणा नव्हता. त्यांचा पहिला प्रयोग म्हणजे कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ, रोज एक चित्र घेत जोडलेली, मिनिटभराची फिल्म. 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या जाहीर खेळांत सिनेमासोबत पायांनी कसरत करणारा एक खेळवालाही होता. 'मोहिनी भस्मासुर'ला त्यांनी 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट जोडला, १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' काढली. मोठ्या चित्रपटाला असा तोंडीलावणं म्हणून काहीतरी गमतीचं हवंच, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढे प्रभातने हीच चाल ठेवली. 'अमृतमंथन' ज्या साली आला त्या १९३४ च्या सुमारास प्रभातने 'जंबूकाका' नावाचं कार्टून काढलं. जंबूक म्हणजे कोल्हा, त्यामुळे काका कोण हे सांगायला नको. १९३५ मध्ये मुंबईत मोहन भवनानींनी 'लफंगा लंगूर' काढला. नावातच अर्धी कॉमेडी आहे! स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने डिस्नेच्या क्लेअर वीक्सला बोलावलं ('बॅम्बी'वर काम केलेला माणूस), आणि त्यातून १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' हे जातककथेवरचं कार्टून आलं. पण तोवर जनावराला उपदेश करायची सवय लागली होती, लफंगेपणा संपला होता.

आता मला सांगा, प्रभात म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? तुतारी. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. जंबूकाका आठवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपल्याकडे जमवणारे नाहीत असं नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या पोस्टरचे जे भाव चालतात ते ऐकले तर माझा पगार कमी वाटतो. पण जमवतात काय? मधुबाला, 'मुघल-ए-आझम', 'शोले'. ज्याचं नाव आधीच मोठं आहे तेच. पाश्चात्त्य देशांत 'अनाथ चित्रपट' असा शब्दच रूढ झालाय, ज्यांना मालक नाही, वाली नाही अशा फिल्मांसाठी, आणि १९९९ पासून अभ्यासक त्यावर परिषदा भरवतायत. आपल्याकडे मुकपटांची रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून शेकडो चित्रपटांची मूळ रिळं जळाली. एवढी मोठी नावं जिथे वाचली नाहीत तिथे कोल्ह्याचा काय पाड?

इथे माझ्या गावाचा विषय काढतो, कारण तिथे एक वेगळ्याच प्रकारचे संग्राहक होते. मी अकोल्याचा. नाही, विदर्भातलं अकोला नाही, अकोले, अहिल्यानगर जिल्हा (म्हणजे तुमच्या ओळखीचं नगर), प्रवरेकाठचं, कळसूबाई ज्या तालुक्यात आहे ते. 'अकोल्याचा' म्हटलं की व्याकरणामुळे दोन्ही गावं एक होतात आणि एचआरवाल्यांनाही दर वेळी हे समजावून सांगावं लागतं. असो. महाशिवरात्रीला आमच्याकडे अगस्ती ऋषींची यात्रा भरते. आमच्या अण्णांच्या (वडिलांच्या) लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. रीळ तुटलं की ऑपरेटर खराब झालेला तुकडा कापून टाकायचा, आणि तंबूच्या मागे पोरं त्या तुकड्यांसाठी टपलेली. मग घरी अंधार करायचा, फुटक्या कौलातून येणारा उन्हाचा कवडसा आरशाने वळवायचा, पाणी भरलेल्या जुन्या बल्बचं भिंग करायचं, आणि भिंतीवर सिनेमा! हलणारा नाही, एकच चित्र. पण थिएटर स्वतःच्या मालकीचं.

त्या तुकड्यांची देवाणघेवाण चालायची. मी अण्णांना विचारलं, "सगळ्यात महाग काय असायचं? अमिताभ?"

"छ्या! हत्ती," अण्णा म्हणाले. "'हाथी मेरे साथी'चा हत्ती असला की दोन मारामाऱ्या द्याव्या लागायच्या. हिरोचा चेहरा भिंतीवर नीट ओळखू यायचा नाही रे. हत्ती कसाही धरला तरी हत्तीच दिसतो."

संग्राहकांच्या मानसशास्त्रावर याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही. जनावराला भाषा लागत नाही, स्टारडम लागत नाही, फोकसही लागत नाही. १९७१ चा हत्ती आणि १८९४ चं मांजर दोन्ही आज जसेच्या तसे कळतात. त्या काळचे माणसांचे विनोद मात्र निम्मे कळत नाहीत. (तंबू सिनेमाबद्दल ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही २०१६ ची डॉक्युमेंटरी जरूर बघावी. महाराष्ट्रातल्याच फिरत्या टॉकीजवर आहे आणि कान महोत्सवात तिचा गौरव झाला होता.)

पण या सगळ्यात एक खडा आहे आणि तो गिळून पुढे जाता येणार नाही. आमच्या शोला येणारी एक मैत्रीण तिसऱ्या की चौथ्या शोला मधूनच उठली. म्हणाली, "मला नाही बघवत. त्या माकडाला मारल्याशिवाय ते सायकल चालवायला शिकलं असेल का?" तिचं चुकलं नव्हतं. कुत्र्यांची तोंडं हलावीत म्हणून त्यांना टॉफी चघळायला देत, असं डॉगव्हिलबद्दल सांगितलं जातं. ते त्यातल्या त्यात सौम्य. त्या काळात काय काय चालत असेल याचा अंदाज कायद्यांवरून येतो. ब्रिटनने १९३७ मध्ये प्राण्यांचा छळ करून काढलेल्या फिल्मा दाखवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. हॉलिवूडमध्ये 'जेसी जेम्स'साठी (१९३९) घोडा कड्यावरून पाण्यात पाडला आणि तो मेला, तेव्हा कुठे १९४० पासून शूटिंगवर प्राणिमित्र संस्थेची देखरेख आली. आपल्याकडे १९६० चा कायदा होता, पण अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी आली ती १९९८ च्या अधिसूचनेने. आज सिनेमात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. म्हणून माकडवाला मदारी मी फक्त अण्णांच्या गोष्टींत पाहिलाय.

मग ही रिळं फेकून द्यायची का? मैत्रिणीचं मत होतं, हो. माझं मत ठाम विरुद्ध आहे. माकडाचा छळ झाला याचा पुरावा त्या रिळातच आहे. ते जिथे दचकून बाजूला बघतं ती दीड सेकंदाची जागा म्हणजे त्याची साक्ष आहे, आणि दुसरी कुठली साक्ष त्याने मागे ठेवलेली नाही. रीळ नष्ट केलं तर ट्रेनर सुटला. मला खटकतो तो दुसरा प्रकार. हेच तुकडे उचलून, मागे पिपाणीचं संगीत लावून, नेमका तो बाजूला बघतानाचा भाग कापून 'सो क्यूट' म्हणून फिरवणं. संग्राहक रीळ अख्खं ठेवतो, जोडासकट, ओरखड्यांसकट. हा फरक छोटा नाही.

आणि जनावराला नटवण्याचं म्हणाल तर आमच्या तालुक्यात डांगी बैलांना काय कमी नटवतात? राजूरच्या प्रदर्शनात शिंगं अशी चमकतात की बघत राहावं. पोळ्याला झूल, बाशिंग, घुंगरं, सगळं. पण तिथे बैलाला बैलच राहू देतात. त्याला उभं करून नवरदेवाचे डायलॉग म्हणायला कुणी लावत नाही, उलट त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जूही ठेवत नाहीत.

सध्या अकोल्यात सगळ्यात जास्त फिल्मा बनतात त्या बिबट्याच्या. हे विनोदाने म्हणत नाहीये. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आमच्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे, आणि जवळपास तेवढेच तरस! आणखी एका अभ्यासात त्यांच्या खाण्याचा हिशोब मांडला, तर वजनाच्या मापात ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. (डॉगव्हिल आमच्या तालुक्यात काढलं असतं तर दुसरा भाग निघाला नसता :-)) आता घरोघरी सीसीटीव्ही आहेत. रात्री बिबट्या अंगणात येतो, पायरीवर बसतो, कधी मांजराला दचकून मागे सरकतो, आणि सकाळी ती क्लिप गावाच्या ग्रुपवर, वर लावणी लावलेली. पोल्ट्रीतल्या जाळीत अडकून घाबरलेल्या बिबट्याच्या क्लिपवरही लोकांनी हसून लोळणारे चेहरे टाकलेले मी पाहिलेत.

माझ्यापुरतं मी एक सुरू केलंय. अशी क्लिप आली की गाण्याशिवायची मूळ फाइल मागून घेतो, गाव आणि तारीख लिहून ठेवतो. अण्णांच्या डब्यातले फिल्मचे तुकडेही स्कॅन केले, एकूण ४३ निघाले. त्यात हत्ती दोन, एक घोडा, आणि एकात नुसता पडदा आणि कुणाचातरी हात. बहुतेक गुलाबी पडलेत, त्या काळच्या रंगीत फिल्मचा रंग असाच उडतो.

तुमच्या घरी, आजोळी, माळ्यावर असा एखादा डबा असेल तर भंगारात द्यायच्या आधी उघडून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, आणि लवकर स्कॅन करून घ्या. चिकट, तपकिरी पावडर पडत असेल आणि फिल्म १९५० च्या आधीची, ३५ मिलिमीटरची असेल तर ती नायट्रेट असू शकते. ती घरात ठेवू नका, चालवून तर अजिबात बघू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. नुसतीच माकडं, कुत्री, हत्ती असतील तर आमचा मित्र आनंदाने घेईल, किमतीचं तुमचं तुम्ही बघा. आणि डब्यावर कुठे कोल्हा दिसला, तर त्याला सांगण्याआधी मला सांगा.